सटवाप्पाच्या मातीवरची निळी

सटवाप्पा कोलकार याला माती दिली त्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ भीमाप्पा रडला नाही. तो मातीकडे पाहत होता.

गुंजी स्टेशनाच्या अलीकडे रूळ ओलांडून गेले की वस्तीची मसणवाट लागते. जमीन तांबडी, चिऱ्याची. एका अंगाला काजूची झाडे आणि दुसऱ्या अंगाला थेट रान. वस्तीतले तरुण आता दहनाच्या बाजूने बोलतात, पण जुन्या माणसांना अजून मातीच देतात, आणि सटवाप्पाने तसे सांगूनही ठेवले होते. त्रिशरण-पंचशील झाले, मूठमूठ माती टाकून झाली, खोऱ्यांनी खड्डा भरला आणि वर उंचवटा राहिला. अशा उंचवट्यावर बोरीच्या काट्या आणि दगड ठेवायची रीत आहे, म्हणजे रानातले कोल्हे उकरायला येत नाहीत. दोघेजण काट्या ओढत घेऊन आलेही होते. भीमाप्पाने हात वर करून त्यांना थांबवले.

"असं भरलं तर पयल्या पावसात बसतंय," तो म्हणाला. "वरची माती परत काढा. थरानं भरू या. दर थराला पाणी आणि धुम्मस."

भीमाप्पा बेळगावच्या पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा घेतलेला माणूस. बांधकाम खात्यात रस्त्यांचे भराव आणि तलावांचे बांध घालण्यात त्याची उभी नोकरी गेली. कोलकारांनी घातलेला भराव खचत नाही, असे कंत्राटदारसुद्धा म्हणत. काही कौतुकाने म्हणत, काही दात-ओठ खाऊन. वस्तीत तर त्याला नावाने हाक मारणारे कोणी उरलेच नव्हते. इंजिनिअर साहेबांनी सांगितले म्हणजे त्यामागे काही हिशेब असणार, म्हणून कोणी हूं की चूं केले नाही. जवळच्या एका कामावरून माती ठोकायचा लोखंडी धुम्मस आणला गेला. वरची गुडघाभर माती काढून पुन्हा थराथराने भरली, शिंपली आणि ठोकली. काजूच्या झाडाखाली बायकांत बसलेली सटवाप्पाची बायको तानीबाई प्रत्येक ठोका ऐकत होती. काम संपले तेव्हा तो तुकडा घराच्या ओट्यासारखा सपाट आणि टणक झाला होता. काट्या आणि दगड बाजूला पडून राहिले. आपल्या भावाची माती खचणार नाही, एवढेच त्या क्षणी भीमाप्पाला कळत होते, आणि त्याच्या दुःखाला तेवढाच आधार पुरेसा वाटत होता.

सटवाप्पा फरशी बसवणारा गवंडी होता. शहापूर, टिळकवाडीपासून पार निपाणीपर्यंत त्याने लोकांच्या घरांतून फरश्या बसवल्या. टिळकवाडीतल्या एका बंगल्याचे काम चालू असताना तिथल्या वाफ्याच्या कडेला त्याने ते झाड पहिल्यांदा पाहिले. झाड म्हणायचे तरी कसे. वीतभरही उंच नाही. जमिनीला धरून चहूअंगाला पसरलेले, पाने बारीक आणि लवदार, आणि त्यांवर गर्द निळी, पैशाएवढी फुले. बंगल्याच्या माळ्याने नाव सांगितले विष्णुक्रांता. सटवाप्पा म्हणाला, "नाव काय, बदलून घेता येतंय. आमी न्हाय घेतलं?" त्याने दोन फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणल्या आणि त्या दिवसापासून वस्तीत त्या झाडाचे नाव निळी पडले. विहाराच्या पायरीशी, घराच्या दारात, फुटक्या घमेल्यांत, जिथे जागा मिळेल तिथे त्याने ती लावली. निळा रंग त्या वस्तीला समजावून सांगावा लागत नव्हता.

शेवटच्या आजारात त्याने भीमाप्पाला जवळ बसवून सांगितले होते, "माझ्यावर फरशी घालू नगासा. जन्मभर दुसऱ्याच्या पायाखाली घालत आलो. माझ्यावर निळी लावा. तू लाव. तुझं काम नीट असतंय."

पुण्यानुमोदनाच्या दिवशी भीमाप्पाने ही गोष्ट घरात काढली. सटवाप्पाचा मुलगा प्रज्ञेश निपाणीजवळच्या साखर कारखान्यात केमिस्ट आहे. त्याने भिंतीला टेकून सगळे ऐकून घेतले.

"काका, आजारी माणूस काय बी बोलतंय," तो म्हणाला. "आबांनी एवढ्या लोकांची घरं सजवली. त्यांच्यावर काळं ग्रॅनाइट नको? नाव नको? उद्या माझ्या पोरांनी काय गवत बघायचं?"

"ते गवत न्हवं रं."

"पावसात सगळं गवतच हुतंय."

तानीबाई दोघांकडेही न बघता म्हणाली, "कोल्ही येत्यात. फरशी असली म्हंजे काळजी न्हाय."

शेवटी ठरले ते असे: पावसाळा संपेपर्यंत भीमाप्पाने आपले करून पाहावे. निळीने माती झाकली तर फरशीचे नाव काढायचे नाही. नाही झाकली, तर दसऱ्याच्या सुमारास, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुट्टीत, प्रज्ञेश फरशी घेऊन येईल आणि भीमाप्पाने आडवे यायचे नाही.

मग भीमाप्पाने हे काम हातात घेतले, आणि त्याने कोणतेही काम घ्यावे तसेच घेतले. बेळगावातल्या घराच्या गच्चीवर त्याने रोपवाटिकाच उभी केली. फांद्यांची कोवळी टोके चार बोटे लांब कापायची, खालची पाने काढायची, वाळू आणि कुजलेला पालापाचोळा सारखा मिसळून त्यात खोचायची, आठवडाभर सावलीत ठेवायची आणि मुळे धरली की ऊन दाखवायचे. त्याची बायको सुनयना कपडे वाळत घालायला वर येई आणि ट्रे चुकवत चुकवत चाले.

"माझ्या बाळंतपणात एवढ्यांदा उठून बघितलं न्हवतं," ती म्हणाली.

"तवा ड्युटी होती."

"आणि आता?"

भीमाप्पा एक रोप उचलून त्याची मुळे बघू लागला. आता जे होते त्याला ड्युटी म्हणता येत नव्हते.

उन्हाळ्यात त्याने रोपे नेऊन लावली. जमीन इतकी टणक होती की पहारीने एकेक खळगा पाडावा लागला. खळग्यात चांगली माती भरून त्याने रोप बसवले. तानीबाई पहार बघून तोंड फिरवून उभी राहिली, पण बोलली नाही. रोज सकाळी ती कळशीने पाणी घाली. रोपे जगली. वळवाच्या सुमारास काहींवर फुलेही आली, आणि भीमाप्पाने मनात प्रज्ञेशला हरवून टाकले.

मग खानापूर भागातला पाऊस सुरू झाला. तो पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. आठवडेच्या आठवडे आभाळ आणि जमीन यांच्यामध्ये पाण्याखेरीज काही नसते. भीमाप्पा बेळगावाहून गाडीने गुंजीला उतरला, रेनकोट घालून मसणवाटेत गेला आणि पाहतो तो रोपांचे बुंधे काळे पडलेले. हात लावताच फांदी बुळबुळीत होऊन हातात आली. गच्चीवर राखून ठेवलेली दुसरी खेप त्याने आणून लावली. तीही तशीच गेली. विहाराच्या पायरीशी सटवाप्पाने लावलेली निळी मात्र त्याच पावसात, फुले नसली तरी, हिरवीगार उभी होती.

झाडही तेच, पाऊसही तोच. मग फरक मातीत आहे, इथपर्यंत तो तर्काने आला. त्यापुढे जायला त्याला धीर होत नव्हता.

श्रावणात आठवडाभर उघडीप मिळाली तेव्हा तो तांब्याभर पाणी घेऊन एकटाच गेला. शेजारच्या एका जुन्या मातीवरच्या खळग्यात त्याने थोडे पाणी ओतले. ते बघता बघता गडप झाले. उरलेले त्याने भावाच्या उशाशी, मेलेल्या रोपाच्या खळग्यात ओतले आणि गुडघ्यावर बसून पाहू लागला. पाणी हलले नाही. भांड्यात ठेवल्यासारखे ते उभे राहिले. त्यात आभाळ दिसत होते. काजूच्या झाडाची सावली सरकून त्याच्या पाठीवरून गेली तरी पाणी तिथेच होते. बांधावर घेतलेल्या चाचणीत पाणी असे उभे राहिले म्हणजे त्याने आयुष्यभर खाली 'समाधानकारक' असा शेरा मारून सही केली होती.

आपणच केले हे. आपले काम नीट असते, म्हणून केले.

तो तसाच उठून वस्तीत गेला. तानीबाई दारात भात पाखडत बसली होती. तिने सूप खाली ठेवले.

"वैनी, निळी पावसानं न्हाय गेली. मी माती ठोकली, त्यानं गेली. पाणी मुरायला जागाच ठेवली न्हाय मी. ती माती सैल करायला पायजे."

"सैल म्हंजे उकरणार?"

"वरची वरचीच. गुडघाभर."

"मेलेल्या माणसाला झोपू तरी द्या, भावजी." तिचा आवाज चढला नव्हता. "दिलेल्या मातीला लोखंड लावायचं न्हाय, एवढं बी ठावं न्हाय तुमाला?"

"मी धुम्मस लावला. पहार लावली. तवा कोण बोललं न्हाय."

"कोण बोलणार? इंजिनिअर तुमी."

भीमाप्पा पायरीवर बसला. तानीबाईने पुन्हा सूप उचलले, दोनदा पाखडले आणि थांबली.

"तुमी ठोकत हुता तवा मी ऐकत हुते," ती म्हणाली. "सगळ्यांस्नी वाटलं असंल बाईला तरास हुतोय. मला बरं वाटत हुतं. म्हटलं, आता ह्यास्नी कोण हात लावत न्हाय. आमच्या थोरल्या दिराची माती कोल्ह्यांनी उकरल्याली मी बघितल्या. त्या ठोक्यांवर झोपले मी एवढं दिस. आता ते बी काढून घेणार?"

पॉलिटेक्निकमध्ये मातीचे गुणधर्म शिकवले होते; माती कोणाला झोप देते हे शिकवले नव्हते. मग तो म्हणाला, "तुमी नको म्हणाला तर न्हाय करत. प्रज्ञेशला फरशी आणू दे."

तानीबाईने भाताचे सूप आत नेऊन ठेवले. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दोन बांबूच्या खुट्या होत्या, शेळी बांधायच्या.

"लोखंड नको," ती म्हणाली. "ह्यानं हुतंय का बघू. आणि वर काट्या मी घालणार. त्यात तुमचं काय चालायचं न्हाय."

खुट्यांनी ती माती फोडणे हे दोन म्हाताऱ्या माणसांचे काम नव्हते, पण दुसऱ्या कोणाला बोलवावे असे दोघांनाही वाटले नाही. पाणी शिंपायचे, मुरेल तेवढे मुरू द्यायचे, खुटी रेटायची आणि निघालेले ढेकूळ हातात चुरायचे. सकाळपासून दुपारपर्यंत हातभर जागा होई. भीमाप्पा चार दिवस वस्तीतच राहिला. आपण घातलेले थर त्याला ओळखू येत होते. एकेक थर पापुद्र्यासारखा सुटून येत होता, आणि प्रत्येक थर घट्ट, निर्दोष होता.

"ह्ये असते तर म्हणाले असते, भीमाची लेव्हल कुठं चुकत न्हाय," तानीबाई ढेकूळ फोडता फोडता म्हणाली.

"अण्णा तसं न्हाय म्हणायचा. तो म्हणायचा, भीमाला लेव्हल सोडून काय दिसत न्हाय."

तानीबाई हसली. भीमाप्पाही हसायला गेला, आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा नव्हता. माती दिल्या दिवशी जे आले नव्हते ते आता आले. तानीबाईने त्याच्याकडे पाहिले नाही. तिने तांब्या त्याच्या बाजूला सरकवला आणि आपल्या हातातले ढेकूळ चुरत राहिली.

सैल केलेल्या मातीत त्यांनी नदीची वाळू आणि कुजलेला पाला मिसळला, मधोमध किंचित उंची ठेवून चारी बाजूंना उतार दिला आणि कडेने बोरीच्या काट्या अंथरल्या. पाऊस ओसरू लागला तेव्हा विहाराच्या पायरीजवळच्या निळीच्याच फांद्या काढून तिथे खोचल्या. त्यानंतर भीमाप्पा बेळगावला परतला. परतीच्या पावसाचे दोन-तीन जोराचे सडाके येऊन गेले आणि एके सकाळी तानीबाईचा फोन आला.

"भावजी, खाली गेलंय."

"काय?"

"माती. मधी खड्डा पडलाय. ह्ये खाली गेले."

मिळेल त्या गाडीने तो आला. मधली माती वीतभर बसली होती. आयुष्यात त्याच्या हातची माती बसलेली तो पहिल्यांदा पाहत होता, आणि ती भावाची होती. तानीबाई पदर तोंडाला लावून उभी होती. कोल्ह्यांचे माग कुठे नव्हते; काट्या जागच्या जागी होत्या. फांद्या बसलेल्या मातीबरोबर खाली जाऊन तशाच उभ्या होत्या, आणि त्याने एक हलकेच ओढून पाहिली तर ती येईना. मुळे धरली होती.

"बसू दे, वैनी," तो म्हणाला. "त्याला बसायचंच हाय. आपण वरनं घालत ऱ्हायाचं."

दोघांनी ओंजळीओंजळीने माती घालून खड्डा भरला, फांद्यांची टोके वर ठेवून.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आदल्या दिवशी प्रज्ञेश टेम्पो घेऊन आला. टेम्पोत पोत्यांमध्ये गुंडाळलेले काळे ग्रॅनाइट होते. त्यावर आबांचे नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि खाली निळ्या रंगात भरलेले धम्मचक्र. काम सुरेख होते. हे भीमाप्पाने मनात कबूल केले. प्रज्ञेशने मातीकडे पाहिले. चिमूटचिमूट पानांच्या काही फांद्या, मध्ये उघडी तांबडी माती, आणि ती माती एका बाजूला कललेली.

"काका, झाकली म्हणायची ही?"

"न्हाय. झाकली न्हाय."

"ठरलंय तसं मग आता." त्याने पुढे होऊन पाय टेकवला आणि बूट मातीत रुतला. तो चमकला. "हे काय? फेब्रुवारीत इथं दगडासारखं केलं हुतं तुमी."

"व्हय. आता सैल केलंय."

"ह्यावर फरशी बसंल?"

खोटे बोलणे भीमाप्पाला जमले नसते, आणि खरे सांगणे आज लबाडीसारखे दिसणार होते.

"बसणार न्हाय. तडकंल. अजून एक पावसाळा जाऊ द्यावा लागंल."

"म्हणजे मुद्दाम केलंसा." प्रज्ञेशचा चेहरा तांबडा झाला. "शब्द दिला हुता आडवं येणार न्हाय म्हणून. आडवं न येता आडवं आलासा. साहेबांचं डोकं साहेबांचंच."

टेम्पोवाला दूर तोंड करून उभा राहिला. भीमाप्पाला राग आला नाही. आपण पुतण्याच्या जागी असतो तर असेच म्हटले असते, हे त्याला दिसत होते. गाव, खाते, घर, सगळीकडे त्याचा हिशेब बरोबर ठरत आला होता, आणि बरोबर ठरणाऱ्या माणसावर कोणी सहज विश्वास टाकत नाही.

"तुला आजच घालायची असंल," तो म्हणाला, "तर मी पुन्हा धुम्मस करून देतो. माझ्या हातानं. संध्याकाळपातूर तयार हुईल. खोटं बोलत न्हाय." त्याने बाही सारली. "फकस्त एक. पयल्यांदा ठोकलं तवा मी कुणाला विचारलं न्हाय. आता तुझ्या आईला विचार. ती म्हणंल ते."

प्रज्ञेश आईकडे वळला. तानीबाई खाली बसून मातीत बोट खुपसून ओल पाहत होती. ही सवय तिला पावसाळ्यानंतर लागली होती. आता ती कोणाला विचारून पाणी घालत नव्हती.

"आई, सांग. फरशी असली म्हंजे काळजी न्हाय, तूच म्हणालतीस."

"म्हणालते." तिने बोट पदराला पुसले. "कोल्ह्याचं भ्या अजून हाय मला. काट्या बदलाव्या लागत्यात, पाणी घालावं लागतंय, माती बसली की भरावी लागत्या. रोज यावं लागतंय."

"तेच म्हणतोय मी. ह्या वयात कशाला?"

"फरशी घातल्यावर मला हितं काय काम, बाबा?"

प्रज्ञेशने टेम्पोतल्या पोत्याकडे पाहिले.

"आणि नाव?" तो म्हणाला. त्याचा आवाज आता लहान झाला होता. "नाव कुठं तरी पायजे का नको?"

"पायजे की. घराच्या भिंतीत बसीव. त्यांनी सगळ्यांची घरं केली, आपल्यात नुसतं शेणानं सारवल्यालं ऱ्हायलं."

टेम्पोवाल्याने कानडीत, कुठे उतरवू, म्हणून विचारले. प्रज्ञेशने वस्तीच्या दिशेने हात केला. मग तोही आईच्या शेजारी उकिडवा बसला. फांद्यांत कुठे काही दिसते का, म्हणून जवळून पाहू लागला. एका फांदीच्या टोकाला कळी होती. पाकळ्या अजून मिटलेल्या, पण त्यांच्या कडेला निळा रंग उतरला होता.

"ही उद्या उघडंल," तो म्हणाला.

तानीबाईने अंगठा आणि बोट यांच्यामध्ये ते टोक धरले आणि खुडले.

"आई! तोडलीस?"

"शेंडा मोडल्यावर बाजूनं फुटतंय. पसरायला पायजे ती. एक फूल दावून काय करू मी?" तिने भीमाप्पाकडे पाहिले. "बरोबर हाय न्हवं, भावजी?"

"बरोबर हाय," भीमाप्पा म्हणाला.

तिने पुढच्या फांदीचे टोक धरले. प्रज्ञेश थोडा वेळ बघत राहिला, मग पलीकडच्या बाजूला गेला आणि पाय मातीवर न ठेवता, लांबून हात पुढे करून, आपल्या बाजूचे शेंडे खुडू लागला.